कंपनीची काच

काच फुटली तेव्हा धोंडीरामला मनातून बरं वाटलं.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सकाळी तो गाडी घेऊन चारा छावणीकडे निघाला होता. समोरून पाण्याचा टँकर धूळ उडवत आला आणि त्याच्या चाकाखालचा खडा टणकन गाडीच्या काचेवर बसला. डाव्या बाजूला पांढरा ठिपका पडला. ठिपक्याला पाय फुटले. एक भेग सरळ वर गेली, एक आडवी निघाली आणि गाडी थांबेपर्यंत अर्ध्या काचेवर जाळं पसरलं.

टँकरवाला बंकट पुढे जाऊन थांबला. उतरून पळत आला.

“लागलं का भाऊ?”

“मला न्हाई. काचंला लागलं.”

बंकटने काचेवरून हात फिरवला. “आरारा. पार कामातून गेली. माज्या टँकरमुळं झालं बगा.”

“जाऊ दे. जुनीच हुती. कवाची बदलायची हुती.”

बंकट बघतच राहिला. दुसरा कुणी असता तर त्याने आधी बंकटच्या सात पिढ्या काढल्या असत्या. धोंडीराम मात्र काचेकडे असा बघत होता, जणू बरेच दिवस ठणकणारा दात एकदाचा पडला होता.

गाडी चकलांब्याच्या महिला दूध संस्थेची होती. पिकअप. मागे दुधाचे कॅन, पुढे ड्रायव्हर आणि शेजारी संस्थेची एखादी बाई. संस्था निघाली तेव्हापासून गाडी धोंडीरामच्याच हातात होती. गावाच्या लेखी ती दोघं एकच होती. “धोंडीराम आला” असं बायका म्हणायच्या तेव्हा लांबवर नुसता हॉर्न वाजलेला असायचा.

लहानपणी तो आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा. ट्रकमध्ये भांडीकुंडी, सरपण, शेळ्या आणि त्या सगळ्यावर पोरं. तोंड मागे करून बसायचं. त्यामुळे त्याला रस्ता ठाऊक होता तो मागे पळणारा. घर लहान होत जायचं, गाव लहान होत जायचं, मग दोन्ही दिसायची नाहीत. एका वर्षी त्याला ताप भरला म्हणून ट्रकच्या ड्रायव्हरने त्याला पुढे आपल्या शेजारी घेतलं. अंग भाजत होतं, तरी तो काचेला नाक लावून बसला. रस्ता समोरून येत होता. झाडं लहानाची मोठी होत अंगावर येत होती. ते त्याने आयुष्यभर सांगितलं. “तवाच ठरीवलं, आता पाठमोरं बसायचं न्हाई.” पुढे कारखान्याच्या आवारात ट्रक पुसता पुसता तो चालवायला शिकला. मग गेवराईची काळीपिवळी जीप चालवली. मग एके दिवशी संस्थेची चेअरमन मनकर्णाबाई स्वतः त्याच्या दारात आली.

“गाडी बायांची हाय,” ती म्हणाली होती. “पहाटं कुनाच्या बी दारात थांबावं लागंल. बायांना भरवसा वाटंल असा मानूस पायजे.”

त्या भरवशावर इतकी वर्षं गेली.

आणि आता त्याला नीट दिसत नव्हतं.

हे वाक्य त्याने स्वतःच्या मनातही असं पुरतं कधी म्हटलं नव्हतं. अर्धवट म्हणायचा. काच जुनी झाली, म्हणायचा. वायपरने ओरखडे पाडलेत, म्हणायचा. दुष्काळाची धूळ आहे, ती कितीही पुसली तरी बसते, म्हणायचा. ह्यातलं काहीच खोटं नव्हतं. काच जुनी होती. ओरखडे होते. धूळ तर पोटातसुद्धा गेली होती. पण समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा पिंजलेल्या कापसासारखा फुगत होता, पाट्यांवरची अक्षरं एकमेकांत मिसळत होती, हे काही धुळीचं काम नव्हतं.

चकलांबा ते गेवराई हा रस्ता त्याला पाठ होता. कुठं खड्डा, कुठं वळण, कुठं कुणाचं कुत्रं आडवं येतं, हे त्याच्या हातापायांनाच ठाऊक होतं. डोळे नावाला उघडे. कुणाच्या दारात कोण उभी आहे ते तो आवाजावरून, लुगड्याच्या रंगावरून ओळखायचा. असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण त्या साली पाऊस पडला नाही. विहिरी गेल्या, बोअर गेले, कडबा संपला. जनावरं चारा छावणीत नेऊन बांधावी लागली. छावणी माळावर, गावापासून लांब. बायका जनावरांबरोबर तिथंच उसाच्या पाचटाच्या खोपी करून राहिल्या. दूधही तिथंच काढायचं, तिथूनच न्यायचं. म्हणजे रस्ता बदलला. नवा, कच्चा, टँकरनी उखळलेला. हा रस्ता धोंडीरामला पाठ नव्हता.

काच फुटायच्या थोडे दिवस आधी त्याच रस्त्यावर साखराबाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चालली होती. धोंडीरामला वाटलं, बाभळ आहे. बाभळीने पाऊल उचललं तेव्हा त्याने करकचून ब्रेक दाबला. गाडी तिच्या पदराला लागून थांबली. भारा खाली पडला.

साखराबाईचं तोंड फाटकं. “कावून रं भाऊ, सवत आनायचीय का माज्या मालकाला?”

“बाभळ वाटली गं.”

“बाभळ! माज्या अंगाला काटे दिसले व्हय तुला?”

“काच खराब झालीय,” धोंडीराम म्हणाला. साखराबाईने हसून भारा परत डोक्यावर घेतला आणि गोष्ट छावणीभर सांगितली. बायका पोट धरून हसल्या. धोंडीराम हसला नाही. त्या दिवसापासून तो गाडी बैलगाडीसारखी हाकू लागला.

घरी बायको छबुबाई ओळखून होती. चहा बशीत ओतताना त्याचा चहा बशीच्या बाहेर जायचा.

“डोळे दावा की एकदा कुनाला.”

“डोळ्याला काय धाड भरलीय? काचंला झालंय.”

“मग हितं बशीवर कंची काच हाय?”

तो उठून बाहेर जायचा.

म्हणून काच फुटली तेव्हा त्याला बरं वाटलं. आता नवी काच येणार होती. आता दिसणार होतं.

गेवराईला हमरस्त्याच्या कडेला शहादेवचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड. आत भिंतीला टेकवून, मध्ये गोणपाट घालून उभ्या केलेल्या काचा. शहादेव त्याच्याहून लहान, पण जीपच्या दिवसांपासूनचा दोस्त. त्या दुष्काळात गेवराईच्या बाजारपेठेत माशा मारायची पाळी आली होती. एकट्या शहादेवकडे गर्दी होती. जितके टँकर तितके खडे, जितके खडे तितक्या काचा. त्याला ह्याची लाज वाटायची. कुणी “धंदा जोरात हाय” म्हटलं की तो विषय बदलायचा.

त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. “आज बसवून देतो. हाय माज्याकडं.”

“कंची?”

“बाजारातली. चांगली हाय. लई बसवल्या.”

“मला कंपनीची पायजे. गाडीबरूबर आली हुती तशी.”

शहादेवने कपाळावरचा घाम पुसला. “कंपनीची औरंगाबादवरून मागवावी लागंल. आठवडा धर. आन् महाग बी पडंल. कशाला बे? ही बी दुपदरी हाय, मधी पापुद्रा हाय. खडा बसला तर अशीच तडकंल, अंगावर येनार न्हाई.”

“मग फरक काय?”

“फरक हाय, न्हाई म्हनत न्हाई. कंपनीची साच्यात चपखल बसती. बाजारातली एखादी कडंला उनीस-बीस निघती, रबर जरा वडून घ्यावं लागतं. एखादीत कोपऱ्याला लाट असती. तुज्या ह्या गाडीला काय फरक पडत न्हाई. बसवनारा नीट पायजे.”

“लाट असती ना?”

“एखादीत.”

“मंजी रस्ता हालल्यागत दिसंल.”

“कोपऱ्यात, म्हनलं ना.”

“न्हाई. मला कंपनीचीच पायजे.”

शहादेवने त्याच्याकडे नीट पाहिलं. धोंडीराम कधी कशावर अडून बसणारा माणूस नव्हता. चहात साखर कमी असली तरी बोलायचा नाही.

“तुजी मर्जी. पर चेअरमनबाईला इचार आधी. गाडी संस्थेची हाय.”

संस्थेत मोठा खर्च कुणा एकीच्या मनाने होत नसे. सगळ्या बसायच्या, बोलायच्या, भांडायच्या आणि मग हात वर करायच्या. गावात असताना हे डेअरीच्या ओट्यावर चालायचं. आता छावणीत, दुपारची वैरण टाकून झाल्यावर, शेडनेटच्या सावलीत. धोंडीरामने तडकलेली काच चिकटपट्टीने बांधून गाडी तिथे आणली. मनकर्णाबाईने थोडक्यात सांगितलं, बाजारातली काच आज बसते, कंपनीची यायला वेळ लागेल आणि जास्त पैसे लागतील, धोंडीरामभाऊ कंपनीची मागतोय.

“काचंत काचंत काय आसतंय गं?” भिवराबाई म्हणाली. “आरपार दिसल्याशी मतलब.”

“कावून न्हाई? दुधात दुधात नसतंय का?” साखराबाई म्हणाली. “म्हशीखालचं एक आन् नळाखालचं एक.”

“नळाला पानी कुटाय आता?”

हशा पिकला. मनकर्णाबाईने हात वर करून बायकांना गप्प केलं. “भाऊ, तुमी सांगा. कावून पायजे?”

धोंडीराम उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती. त्याने टोपी काढली, परत घातली.

“तुमी समद्या माज्या शेजारी बसता,” तो म्हणाला. “लेकरं घेऊन बसता. मी आजवर कायी मागितलं न्हाई. ह्या काचंतून मला...” तो थांबला. “बाजारातल्या काचंत रस्ता हालतो म्हनं. मला सरळ दिसलं पायजे. जिम्मा माजा हाय.”

कुणी हसलं नाही.

बायकांच्या मनात तेव्हा दुसरंच होतं. खोपींवर घालायला ताडपत्री घ्यायची असं आधीच ठरलं होतं. उन्हाने पाचट तापायचं, आत लेकरं उकडून निघायची. ह्या दोन गोष्टींतली एकच होणार, हे प्रत्येकीला कळत होतं. साखराबाईने सगळ्यात आधी हात वर केला. “मला बाभळ समजून तोडून टाकील तो एक दिवस. द्या त्याला काच.” मग एकेक हात वर आला. भिवराबाईचा शेवटी आला, पण आला.

“ठरलं,” मनकर्णाबाई म्हणाली. “ताडपत्री म्होरं बगू.”

धोंडीरामला ताडपत्रीचं ठाऊक नव्हतं. त्याने शेजारच्या बाईला विचारलं, तेव्हा कळलं. तो गाडीत जाऊन बसला आणि बराच वेळ चावी फिरवायचं विसरला.

काच यायची वाट बघण्यात पुढचे दिवस गेले. त्या दिवसांत तो खुशीत होता. नवी काच आली की असं, नवी काच आली की तसं. पहाटे फुटक्या काचेतून गाडी हळूहळू न्यायचा आणि प्रत्येक धूसर गोष्टीचा हिशोब त्या भेगांच्या नावावर टाकायचा. समोरून दिवा फुगत आला, भेग. पाटी वाचता आली नाही, भेग. छबुबाई डोळ्यांचं बोलली तर म्हणायचा, “आठ दिस थांब. मग सुई वववून दावतो तुला.”

काच आली त्या दिवशी दूध केंद्रावर उतरवून तो सरळ शहादेवकडे गेला. काच खोक्यातून निघाली. निळसर, स्वच्छ. कोपऱ्यात कंपनीची छाप. शहादेवने ती गोणपाटावर उभी केली आणि जुनी काढायला घेतली. रबर सुरीने कापलं, आतून दोन्ही पायांनी हळूहळू रेटा दिला. जाळं झालेली काच करकरली आणि बाहेर आली. दोघांनी ती उचलून शेडच्या मागे ठेवली.

“बस गाडीत,” शहादेव म्हणाला. “चौकट पुसून घेतो. मग सुतळी वडायला लागशील.”

नवं रबर काचेला चढवायचं, रबराच्या खाचेत सुतळी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं. मग बाहेरून एकाने काच दाबायची आणि आतून दुसऱ्याने सुतळी ओढत जायची, म्हणजे रबर चौकटीवर पलटी खाऊन बसतं. आतला माणूस धोंडीराम होणार होता. तो आपल्या जागेवर जाऊन बसला. सवयीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. सवयीने समोर पाहिलं.

समोर काच नव्हती.

नुसती चौकट होती. वारा सरळ तोंडावर येत होता. पलीकडे हमरस्ता होता. ट्रक जात होते. रस्त्यापलीकडे हॉटेलची पाटी होती. शहादेव चौकटीची कड पुसत होता, त्याचा हात डोळ्यांसमोरून डावीकडून उजवीकडे जात होता.

पाटीवरची अक्षरं मिसळलेली होती. ट्रकच्या कडा फुगलेल्या होत्या. सगळ्यावर दुधाची साय धरली होती.

धोंडीरामने डोळे चोळले. परत पाहिलं. हात चौकटीतून बाहेर घातला. आरपार गेला. मधे काही नव्हतं.

तो तसाच बसून राहिला. मधे काही नव्हतं, हे त्याला पुनःपुन्हा समजत होतं. ट्रक येत होते, जात होते. शहादेव काहीतरी बोलत होता, साबणाला पाणीसुद्धा विकत घ्यावं लागतं असं काहीतरी. इतक्या वर्षांत धोंडीरामने ह्या जागेवरून काचेशिवाय रस्ता असा कधी पाहिला नव्हता. रस्ता चांगला होता. दिवस चांगला होता. उन्हात सगळं लख्ख असणार.

“वड आता,” शहादेव बाहेरून म्हणाला. नवी काच चौकटीला लागली होती. धोंडीरामने सुतळीचं टोक धरलं आणि ओढायला लागला. रबर एका बाजूने पलटत गेलं. शहादेव तळहाताने काच दाबत सरकत होता. दोघांच्या मध्ये ती काच होती आणि तिच्यापलीकडे शहादेवचं तोंड जवळ होतं, म्हणून दिसत होतं.

सुतळी निघाली. काच बसली. शहादेवने बाहेरून टिचकी मारली. “ही बग. चपखल. कशी दिसती?”

धोंडीराम खाली उतरला. चावी त्याच्यापुढे धरली.

“गाडी तू घे. छावणीपरेंत चल.”

“मी? दुकान कोन बगंल बे?”

“लावून घे थोडा वेळ.”

“कावून पर? नव्या काचंत पयला मान तुजा.”

“चल म्हनतो ना.”

शहादेवने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शेडला साखळी लावली. धोंडीराम वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला आणि डाव्या सीटवर बसला. त्या सीटवर तो ह्याआधी कधी बसला नव्हता. माळाला लागल्यावर धोंडीराम हळूच म्हणाला, “कंपनीचीच हाय ना?”

“छाप बघ की कोपऱ्यात.”

धोंडीरामने कोपऱ्यात पाहिलं. बोट लावलं. ते बोट छापेपासून वीतभर लांब होतं. शहादेवने ते पाहिलं, आणि गाडीचा वेग आपोआप कमी केला.

छावणीत बायका वाट बघत होत्या. नवी वस्तू आली की तिची पूजा. तबकात हळदीकुंकू, नारळ, कुणीतरी कागदी फुलांची माळ केली होती. खरी फुलं त्या साली कुठून येणार? गाडी थांबली आणि तबक घेऊन साखराबाई पुढे झाली, ती थबकली.

“आगं बया. शहादेव चालवतोय. आन् ह्यो नवरदेव होऊन बाजूला बसलाय.”

धोंडीराम उतरला. बायका गोळा झाल्या. काचेवर कुंकवाची बोटं उमटली. माळ चढली. मनकर्णाबाईने काच पदराने उगाचच पुसली आणि विचारलं, “आता दिसतंय ना भाऊ सरळ?”

त्याला “हो” म्हणता आलं असतं. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. त्याने छावणीकडे पाहिलं. पाचटाच्या खोपी ओळीने उभ्या होत्या, ताडपत्री नसलेल्या. एका खोपीतून लेकरू किरकिरत होतं. तेवढं त्याला ऐकू येत होतं.

“न्हाई,” तो म्हणाला.

“मंजी? काच खराब निघाली?”

“काच चांगली हाय. शहादेवनं जुनी काढली, तवा मी बिनकाचंचं बगितलं. तसंच दिसतंय. डोळे गेलेत माजे.” त्याने टोपी काढली आणि हातात धरून ठेवली. “तुमची ताडपत्री गेली माज्यापायी. साखरा, त्या दिशी काचंनं न्हाई, मी तुला बाभळ केलती.”

म्हशींच्या साखळ्या वाजत होत्या. साखराबाईच्या हातातलं तबक वाकडं झालं आणि हळद सांडली. मग तीच पहिल्यांदा बोलली, नेहमीच्याच आवाजात.

“आन् आमी नारळ आनला त्यो?”

“फोड की,” मनकर्णाबाई म्हणाली. “काच तर आलीय.”

नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा मनकर्णाबाईने आधी धोंडीरामच्या हातावर ठेवला. मग हलक्या आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, “भाऊ, चावी माज्याकडं राहू द्या.”

चावी शहादेवकडे होती. त्याने ती तिला दिली. धोंडीराम बघत होता. इतक्या वर्षांत ती चावी कधी कुणाकडे राहिली नव्हती.

गाडी बंकटने चालवली. त्याचा टँकर भरायला नंबर लागायचा, तोवरच्या वेळात तो दूध पोचवून यायचा. काच माझ्याच टँकरने फुटली, म्हणायचा, मग एवढं तरी. छबुबाईने नवऱ्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. फक्त चहा कपबशीऐवजी भांड्यातच द्यायला लागली.

बीडला डोळे तपासायला छबुबाई आणि मनकर्णाबाई बरोबर गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दिवा डोळ्याशी धरला, म्हणाल्या, मोतीबिंदू आहे, पिकलाय, इतके दिवस गाडी चालवलीत कशी? धोंडीराम म्हणाला, वाट पाठ होती. त्यांना ते कळलं नाही.

“ऑपरेशन करू. आतलं भिंग काढून नवं बसवायचं. दोन प्रकारची आहेत. एक आपल्या इथलं, ते आम्ही देतो. एक बाहेरच्या देशातलं, ते तुम्हाला विकत आणावं लागेल.”

मनकर्णाबाई आणि छबुबाईने एकमेकींकडे पाहिलं. धोंडीराम मान खाली घालून बसला होता. त्याचे खांदे हलायला लागले. छबुबाईला वाटलं रडतोय. तो हसत होता. कित्येक दिवसांनी हसत होता.

“आन् मूळचं, बाई? कंपनीचं? ते मिळत न्हाई का कुटं?”

“मूळचंच तर खराब झालंय बाबा. ते काढायचंय.”

“बरं. मग ह्या दोन्हींत फरक काय?”

“आहे थोडा. पण तुम्हाला इथलं पुरेल.”

“बसवनार कोन?”

“मी.”

त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहायचा प्रयत्न केला. तोंड दिसलं नाही, आवाज ऐकू आला. आवाज नीट होता.

“मग हितलंच बसवा.”

एक डोळा झाला, काही दिवसांनी दुसरा झाला. काळा चष्मा सुटला त्या सकाळी तो स्वतःहून छावणीवर गेला, बंकटच्या शेजारी बसून. वाटेत त्याने बंकटला थांबायला लावलं. काचेच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं.

“ह्या काचंत लाट हाय.”

बंकटने मान तिरपी करून पाहिलं. “हाय की, जराशीक. शहादेवला सांगा.”

“कंपनीची हाय ही,” धोंडीराम म्हणाला, आणि छावणी येईपर्यंत त्या कोपऱ्याकडे बघत राहिला.

छावणीत त्याने चावी मागितली नाही. खोपींजवळ उकिडवा बसून राहिला. साखराबाई धारा काढून आली, त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मी कोन? बाभळ का लिंब?”

“तुजे केस पिकले गं. कवा पिकले?”

“मेल्या!”

बायका जमल्या. मनकर्णाबाई गंभीर होती. “भाऊ, एक इचारते, राग मानू नका. त्या टोकाला म्हस हाय, शेवटल्या दावनीला. कुनाची?”

धोंडीराम उठला. हात डोळ्यांवर आडवा न धरता नुसता बघत राहिला. दावणीच्या शेवटी एक काळी आकृती होती. तिला कडा होत्या.

“कुनाची ते मला म्हायत न्हाई,” तो म्हणाला. “पर तिचं डावं शिंग मोडलंय. कवा मोडलं?”

“आता गं बाई,” भिवराबाई म्हणाली. “माजी हाय ती. मोडून वरीस झालं. तूच तर औषध आनून दिलंतं गेवराईवरून.”

“औषध आनलं. शिंग बगितलं नव्हतं.”

मनकर्णाबाईने कनवटीची चावी काढली. लगेच दिली नाही. हातात धरून विचारलं, “डाक्टरीनबाईनं काय सांगितलंय?”

“महिनाभर चालवू नका म्हनल्या.”

“मग?”

“मग महिन्यानं.”

तिने चावी परत कनवटीला लावली. धोंडीरामने मान हलवली. कॅन भरून झाले होते. बंकटने हॉर्न वाजवला, आणि पलीकडच्या खोपीतून कुणीतरी ओरडलं, “धोंडीराम आला गं!”

तो वळसा घालून डाव्या दाराशी गेला. चढला. शेजारी साखराबाई लेकरू घेऊन बसली. गाडी माळाच्या रस्त्याला लागली. उखळलेला, पांढरा, उन्हात लख्ख रस्ता समोरून येत होता आणि लांब एक बाभळ होती. धोंडीराम पुढे सरकून काचेजवळ बसला. बाभळ मोठी होत आली. तिच्या फांदीवर वाळलेलं घरटं होतं.

“हळू घे बे,” तो बंकटला म्हणाला. “बघू दे जरा.”